बिअरमध्ये साखर घातली, मग गोडी गेली कुठे?

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पहिली बिअर जमली, पण घरच्यांना कडू लागली. म्हणून पुढच्या खेपेला अर्धा किलो साखर जास्तीची घातली आणि वर लिटरभर संत्र्याचा रस ओतला. काही आठवड्यांनी बाटली उघडली तर गोडीचा पत्ता नाही आणि संत्र्याचा वासही नाही. उलट बिअर आंबटसर, पाणचट आणि पहिल्यापेक्षा जास्त चढणारी झालेली. माणूस हिरमुसतो आणि पुढच्या वेळी साखर दुप्पट करतो.

साखर दुप्पट करून काहीच सुधारत नाही. बाटल्या भरताना ती घातली तर प्रकरण चक्क जिवावर बेतू शकतं. या सगळ्याच्या मुळाशी यीस्ट आहे, म्हणजे साखर खाऊन बिअर आंबवणारे सूक्ष्मजीव. आपण बिअरमध्ये जे काही घालतो ते आधी यीस्टच्या पुढ्यात जातं आणि त्याने सोडलेलं तेवढंच आपल्या वाट्याला येतं. त्यामुळे गोडी असो की लिंबू-संत्र्याची चव, काहीही घालण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: यीस्टचं जेवण उरकल्यावर यातलं काय शिल्लक राहील?

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून टाकतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. त्यामुळे पुण्या-मुंबईत कुणी हे वाचून स्वयंपाकघरात बिअर लावायला घेऊ नये. मी राहतो त्या अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. विकायची म्हटली तर मात्र परवाना हवाच. भारतातल्या वाचकांना हात लावून करून बघता येईल असा भाग लेखाच्या शेवटी आहे, आणि खरं तर चवीच्या दृष्टीने तोच सगळ्यात खात्रीचा आहे.

यीस्ट काय खातं, काय सोडतं

बिअरचा पाया म्हणजे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात तोच हा प्रकार. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. भरडलेलं माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरत ठेवलं की हे एन्झाइम दाण्यातल्या स्टार्चचे तुकडे पाडतात. गाळून घेतलेलं हे गोड पाणी म्हणजे वर्ट. ते हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, घालून उकळतात, गार करतात आणि मग त्यात यीस्ट सोडतात.

आता त्या तुकड्यांकडे जरा नीट बघू. ग्लुकोज आणि माल्टोज हे छोटे तुकडे यीस्ट आवडीने खातं. माल्टोट्रायोज जरा मोठं, ते बहुतेक यीस्ट खातात, काही खात नाहीत. डेक्स्ट्रिन त्याहून मोठे, ते नेहमीच्या बिअर-यीस्टच्या तोंडात मावतच नाहीत. तयार बिअरमध्ये जो भरीवपणा लागतो त्यात या डेक्स्ट्रिनचा वाटा मोठा असतो. पण ते फारसे गोड नसतात, हे लक्षात ठेवायला हवं. भरीव बिअर आणि गोड बिअर या दोन गोष्टी आहेत.

आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज. यीस्ट तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि दोन्ही फस्त करतं. मागे उरतात अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. मधाचं जवळजवळ हेच, काकवीचं आणि गुळाचंही बऱ्याच अंशी हेच. गूळ घातला तर त्याचा खमंग, किंचित खारट वास मागे राहतो. गोडी राहत नाही.

हायड्रोमीटर नावाचं काचेचं तरंगणारं उपकरण यीस्टचं हे जेवण आकड्यात दाखवतं. पाण्याची घनता १ धरली तर नेहमीच्या बिअरचा वर्ट १.०४८ च्या आसपास असतो आणि आंबून झाल्यावर आकडा १.०११ पर्यंत उतरतो. दोन्हींतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची ढोबळ टक्केवारी मिळते. इथे पावणेपाच-पाच टक्के. आता यात २० लिटरला अर्धा किलो साखर जास्तीची घाला. शेवटचा आकडा वर चढायला हवा अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात तो आणखी खाली घसरतो, कारण साखर पूर्ण संपते आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. बिअर दीड टक्क्याने कडक होते, तोंडात पातळ लागते आणि गोडीच्या नावाने शून्य. बेल्जियममधले ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे, आपल्या कडक बिअरमध्ये साखर घालतात ते याचसाठी, म्हणजे बिअर ताकदवान व्हावी पण जड होऊ नये. साखरेचा बिअरमधला खरा उपयोग आपल्या समजुतीच्या अगदी उलटा आहे.

बाटलीतला धोका

बाटल्या भरताना थोडी साखर घालावीच लागते. बाटलीत शिल्लक असलेलं यीस्ट ती खातं, कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते आणि तो बिअरमध्ये विरघळतो. हाच बिअरचा फेस. गॅस मोजायचं माप म्हणजे व्हॉल्यूम, एक लिटर बिअरमध्ये किती लिटर गॅस विरघळला ते. लिटरला चार ग्रॅम साखरेतून साधारण एक व्हॉल्यूम गॅस होतो. आंबून झालेल्या बिअरमध्ये पाऊणएक व्हॉल्यूम आधीच असतो, म्हणून लिटरला सहा ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम साखर घातली की अडीच व्हॉल्यूमच्या जवळ जाता येतं. नेहमीच्या बिअरला तेवढं पुरतं. साधी बाटली साधारण तीन-साडेतीन व्हॉल्यूमपर्यंत बिनघोर धरावी.

जिभेला बऱ्यापैकी गोड लागावं म्हणून कुणी याच टप्प्यावर लिटरला ३० ग्रॅम साखर घातली तर? सात-आठ व्हॉल्यूम गॅस. शँपेनच्या जाड बाटलीतही एवढा गॅस नसतो. बाटली फुटते तेव्हा काचेचे तुकडे खोलीभर उडतात आणि शेजारच्या बाटल्याही तेवढ्याच ताणलेल्या असल्याने त्यांनाही धक्का पुरतो. मला या छंदातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटते, म्हणून इथे जरा थांबून सांगतो: जिवंत यीस्ट आणि ते खाऊ शकेल अशी साखर, दोन्ही एका बंद बाटलीत मोजल्याशिवाय कधीही कोंडू नका. फळांचा रस, सरबत, मध, गोड लिक्युअर या सगळ्यांना हाच नियम. फर्मेंटरमधला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यातला, बुडबुडा थांबला म्हणजे आंबणं संपलं असंही नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचा आकडा तोच आला, तरच संपलं.

गोडी उरवायची कशी

सगळ्यात सरळ मार्ग माल्टपासून सुरू होतो. माल्ट मुरवताना पाणी ६८-६९ अंशांवर ठेवलं तर छोट्या साखरा करणारं एन्झाइम लवकर थकतं, डेक्स्ट्रिन जास्त उरतात आणि बिअर भरीव होते. जोडीला क्रिस्टल माल्ट घ्यावं. हे बनवताना मोड आलेली बार्ली ओली असतानाच गरम करतात, त्यामुळे टरफलाच्या आतच स्टार्चची साखर होते आणि मग भाजताना तिचं कॅरमल बनतं. यातला बराचसा भाग यीस्टला पचत नाही. एकूण धान्याच्या पाच ते दहा टक्के क्रिस्टल माल्ट पुरे. त्याहून जास्त झालं की गोडी चिकट वाटायला लागते आणि दुसरा पेला नकोसा होतो.

यीस्टची जातही बघून घ्यावी. काही इंग्लिश यीस्ट, उदाहरणार्थ लालमांड कंपनीचं विंडसर, माल्टोट्रायोजला हात लावत नाहीत, त्यामुळे बिअर आपसूक गोडसर राहते. उलट बेल्जियमच्या सेझाँ बिअरसाठी वापरतात त्या काही यीस्टमध्ये डायास्टॅटिकस हा प्रकार असतो. तो एक एन्झाइम बाहेर सोडून डेक्स्ट्रिनचेही तुकडे पाडतो आणि खातो. असं यीस्ट वापरलेल्या फर्मेंटरची स्वच्छता नीट झाली नाही तर पुढच्या बिअरमधली राखून ठेवलेली गोडीही ते महिनाभरात संपवतं, आणि तेही बाटलीच्या आत.

मग येतं लॅक्टोज, दुधातली साखर. बिअरच्या यीस्टकडे ती फोडायचं एन्झाइमच नाही, त्यामुळे घातलेली सगळीच्या सगळी उरते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिल्क स्टाउट ही काळी बिअर अशीच बनते. पण लॅक्टोजची गोडी साखरेच्या जेमतेम पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी. २० लिटरला ३०० ग्रॅम घातलं तर गोडीपेक्षा मऊपणा जास्त जाणवतो. शिवाय आपल्या लोकांपैकी पुष्कळांना लॅक्टोज पचत नाही, तेव्हा पेला हातात देण्याआधी पाहुण्यांना सांगायला विसरू नये. लिंबू-संत्र्याच्या हलक्या बिअरमध्ये लॅक्टोज मला पटत नाही. ताजेपणा जातो आणि आइस्क्रीमसारखी चव येते. ती चव हवी असणारेही आहेत, त्यांनी जरूर करावं.

साखरेऐवजी वापरतात त्या गोडव्यांपैकी सुक्रालोज आणि स्टीव्हिया यीस्ट खात नाही. सुक्रालोज उष्णतेतही टिकतं. मात्र कॉफीत घालायच्या छोट्या पुड्यांमध्ये वजन भरायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, आणि डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. ते यीस्ट खाणार, गॅस करणार. शुद्ध सुक्रालोज मिळालं तरच वापरावं, तेही चिमटीपेक्षा कमी. स्टीव्हिया घशाशी ज्येष्ठमधासारखी चव ठेवते, ती हॉप्सच्या कडूपणात मिसळली की फारच खटकते. एरिथ्रिटॉल त्या मानाने सोज्वळ, साखरेच्या साठ-सत्तर टक्के गोड, फक्त जिभेला गार लागतं. झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी असतं. घरात कुत्रा असेल तर ते आणूच नये.

राहिला वाइनवाल्यांचा मार्ग. आंबणं पूर्ण होऊ द्यायचं, बिअर फ्रिजमध्ये गोठणबिंदूच्या जवळ नेऊन यीस्ट तळाला बसवायचं, वरची नितळ बिअर काढून घ्यायची, पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट घालायचं आणि मग साखर. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ थांबवतं. म्हणून यीस्ट जोरात असताना ते घालून काही उपयोग नाही. आणि यीस्ट निजवल्यावर बाटलीत फेस येणार कुठून? त्यामुळे हा मार्ग फक्त केग, म्हणजे बिअर भरायचं धातूचं पिंप, असणाऱ्यांसाठी, ज्यांना सिलिंडरमधून गॅस भरता येतो. केग सतत दोन-चार अंशांच्या फ्रिजमध्ये राहणार असेल तर पुष्कळ जण सॉर्बेटही वगळतात, कारण त्या थंडीत यीस्ट जवळपास निपचित पडतं. तो केग एखाद्या सहलीला उन्हात नेला की मात्र यीस्ट पुन्हा कामाला लागतं. भरलेल्या बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारायची युक्ती काही जण सांगतात. आत गॅसचा दाब असलेली काच तापवायची ही गोष्ट घरात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गोडी न घालता गोड लागणारी बिअर

एवढे मार्ग सांगितले, पण माझा सगळ्यात आवडता मार्ग वेगळा आहे. त्यासाठी बेल्जियमला जावं लागेल. ब्रुसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं छोटं गाव आहे. तिथे शतकानुशतकं गव्हाची पांढुरकी बिअर होत असे, विटबिअर. तिच्यात धणे आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल पडायची. ती साल यायची कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावरून, कारण बेट डच व्यापाऱ्यांच्या ताब्यात होतं. १९५० च्या दशकात गावातली शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि ही बिअर संपल्यात जमा झाली. पियेर सेलिस नावाचा गावातला दूधवाला तरुणपणी त्या ब्रुअरीत काम केलेला होता. त्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. आज जगभर ज्या विटबिअर मिळतात त्या सगळ्या या एका माणसाच्या आठवणीतून उगवल्या आहेत. पुढे तो अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेला आणि तिथेही त्याने १९९२ मध्ये हीच बिअर बनवायला घेतली.

विटबिअर हायड्रोमीटरने मोजली तर शेवटचा आकडा १.००८ ते १.०१२, म्हणजे इतर बिअरएवढाच. उरलेली साखर नावापुरती. तरी पहिल्यांदा पिणारा माणूस म्हणतो, गोडसर आहे. असं का होतं? एक, हॉप्सचा कडूपणा कमी. कडूपणा आयबीयू या मापात मोजतात. विटबिअरमध्ये तो ८ ते २० असतो, तर इंडिया पेल एलमध्ये ४० ते ७०. गोडी आणि कडूपणा तराजूत एकमेकांसमोर बसलेले असतात. कडूपणा उतरवला की साखर न घालता गोडीचं पारडं जड होतं. दोन, न मोड आणलेला गहू आणि थोडे ओट्स यांनी तोंडात येणारा मऊपणा. आणि तीन, संत्र्याचा वास. आयुष्यभर हा वास आपण गोड फळाबरोबर घेतलेला असतो, त्यामुळे नाकाला तो मिळाला की जिभेला गोडी जाणवते. व्हॅनिलाही हेच करतं.

म्हणून घरच्यांना बिअर कडू लागत असेल तर साखरेच्या डब्याकडे जाण्याआधी हॉप्स निम्मे करून बघा. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर कडूपणाला धार येते आणि क्लोराइड जास्त असेल तर माल्ट उठून दिसतं. थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलं तरी फरक कळतो. फेस किंचित कमी ठेवला तर त्याचा झोंबरेपणा कमी होतो. आणि फार थंड बिअर कमी गोड लागते, तेव्हा फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबावं.

चव रसात नाही, सालीत आहे

संत्र्याचा रस बिअरमध्ये का वाया जातो हे आता ओळखता येईल. रसात नऊ-दहा टक्के साखर, ती यीस्टने खाल्ली. सायट्रिक आम्ल यीस्ट खात नाही, ते सगळं राहिलं. मूठभर वास होता तो आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर उडून गेला. खाली राहिली ती आंबट, फिकी बिअर. लिंबाच्या रसात तर पाच-सहा टक्के आम्ल असतं आणि साखर नगण्य.

आपण ज्याला संत्र्याचा वास म्हणतो तो सालीतल्या तेलात असतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा घ्या, पेटत्या मेणबत्तीजवळ रंगीत बाजू ज्योतीकडे करून धरा आणि चटकन दुमडून दाबा. बारीक फवारा उडतो आणि ज्योतीत त्याच्या ठिणग्या होतात. ते तेल. सालीवर जे ठिपके-ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या आहेत. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, पण त्याची ओळख पटवणारे घटक त्याहून कितीतरी कमी प्रमाणात असतात. लिंबाचंही तसंच. तेलात लिमोनीनच सर्वांत जास्त, पण लिंबू म्हणून नाकात शिरतो तो सिट्रल, आणि तो असतो अवघे काही टक्के.

रंगीत सालीच्या खालचा पांढरा भाग मात्र शत्रू समजावा. त्यात आणि बियांत कडू द्रव्यं असतात. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट होतो, हा आपल्या प्रत्येक घरातला अनुभव. फळात हे द्रव्य बिनकडू रूपात असतं, पेशी फुटल्या की आम्लाशी गाठ पडते आणि हळूहळू त्याचं लिमोनिन हे कडू द्रव्य बनतं (तेलातलं लिमोनीन वेगळं). बिअरही आम्लधर्मीच, तिचा पीएच चार-साडेचारच्या आसपास. साल पांढऱ्या भागासकट घातली तर पहिल्या दिवशी काही कळत नाही आणि पुढे कडूपणा वाढत जातो. हा हॉप्सचा स्वच्छ कडूपणा नव्हे, घशात रेंगाळणारा.

तेव्हा फळ गरम पाण्याने आणि ब्रशने घासून घ्यावं, कारण दुकानातल्या फळांवर मेणाचा थर असतो आणि त्याखाली फवारणीची औषधं असू शकतात. मग बारीक किसणीवर एका जागी एकदाच फिरवावं. हात हलका ठेवून फळ फिरवत राहायचं. खाली पांढरं दिसलं की पुढे सरकायचं. कीस ओलसर, चमकदार आणि गडद नारिंगी असला पाहिजे. फिकट दिसला तर हात जड पडलाय.

हा कीस घालायचा कधी? उकळत्या वर्टमध्ये तासभर ठेवला तर वास घरभर पसरतो, बिअरमध्ये राहत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत घातला तर बराच टिकतो. २० लिटरला चार-पाच संत्र्यांचा कीस किंवा २०-२५ ग्रॅम वाळलेली कडू साल. पण पुढे यीस्ट आहेच. आंबण्याच्या जोरात तेल बुडबुड्यांबरोबर उडतं, आणि सिट्रलच्या बाबतीत आणखी एक गंमत होते: यीस्ट त्याचं जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करतं. लिंबाचा वास घातला आणि गुलाबाकडे झुकणारा वास हाती आला, असं त्यामुळे होतं. लिंबाची ताजी चव हवी असेल तर आंबणं संपल्यावरच घालावं.

त्यासाठी माझी पसंती अर्काला. सहा लिंबांचा कीस १५० मिलिलिटर व्होडकात बुडवून बंद बरणीत चार-पाच दिवस ठेवायचा, रोज हलवायचा, मग कॉफीच्या फिल्टरमधून गाळायचा. तेल पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतं. कीसही निर्जंतुक होतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे अर्क मोजून घालता येतो. आंबून झालेली बिअर चार पेल्यांत शंभर-शंभर मिलिलिटर घ्यायची. औषधाच्या दुकानातून सुईशिवायची एक मिलिलिटरची सिरिंज आणायची आणि पेल्यांत अनुक्रमे ०.२, ०.४, ०.६ आणि ०.८ मिलिलिटर अर्क घालून घरातल्या दोघा-तिघांना चाखायला द्यायचं. समजा ०.४ चा पेला आवडला. २० लिटर म्हणजे असे २०० पेले, म्हणून ८० मिलिलिटर. दोन आवडींत घोळ झाला तर कमी प्रमाण घ्यावं, कारण जास्त पडलेलं तेल काढून घेता येत नाही, शिवाय तेलाने फेसही बसतो. वास आला पण फळाचा जिवंतपणा नाही असं वाटलं तर त्याच पेल्यात चिमटीभर सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून बघा. वास लिंबाचा आणि आंबटपणा अजिबात नाही, हे नाकाला खोटं वाटतं.

फळाशिवाय फळाची चव

हॉप्सच्या काही जातींत हाच वास मुळातच असतो. अमेरिकेत १९७२ मध्ये आलेल्या कॅस्केडने ग्रेपफ्रूटच्या वासाची बिअर लोकांच्या ओळखीची केली. सिट्रा, अमारिलो त्यानंतरचे. जर्मनीच्या ह्युल संशोधन केंद्रातून २०१२ मध्ये आलेल्या मँडरिना बव्हेरियाला संत्र्याचा वास आहे, जपानच्या सोराची एसला लिंबाचा. उकळून झाल्यावर किंवा थेट फर्मेंटरमध्ये घातले तर कडूपणा फारसा न वाढता वास मिळतो.

धण्यांना कमी लेखू नका. त्यांच्या तेलात लिनालूल भरपूर असतं आणि ते संत्र्याच्या सालीशी इतकं जुळतं की एकट्या सालीपेक्षा जोडी जास्त संत्र्यासारखी लागते. बेल्जियमवाल्यांनी हे कधीच ओळखलं होतं. यात आपल्याला एक सोय आहे: भारतीय लांबट, फिकट धण्यांना लिंबाचा वास जास्त असतो, गोल मोरोक्कन धण्यांपेक्षा या बिअरला ते शोभतात. २० लिटरला १५-२० ग्रॅम, भाजायचे नाहीत, फक्त खलबत्त्यात एकेक दाणा फुटेल एवढे ठेचायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे. भाजले की भाजीचा वास येतो.

गवती चहा तर सिट्रलचं आगरच. त्याच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या पुढे सिट्रल असतं. बुंध्याकडचा भाग ठेचून व्होडकात लिंबाच्या सालीसारखाच अर्क करता येतो. प्रमाण आणखी कमी ठेवावं.

हे सगळे वास नाजूक असतात. सिट्रल आम्लात हळूहळू मोडतं, लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं आणि लिंबाच्या जागी फरशी पुसायच्या द्रवाचा वास यायला लागतो. अशी बिअर बाटलीत जपून ठेवायची नसते. थंड ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवावी.

पेल्यातच गोड, पेल्यातच आंबट

आता भारतातल्या वाचकांसाठी राखून ठेवलेला भाग. बव्हेरियात राडलर नावाचं पेय मिळतं, अर्धी बिअर आणि अर्धं लिंबाचं गोड सरबत. इंग्लंडमध्ये शँडी. आपल्याकडेही बिअरमध्ये लिंबू-सोडा ओतणारे पुष्कळ आहेत. जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात, पण विचार केला तर यीस्टच्या सगळ्या अडचणींतून हा मार्ग सहीसलामत सुटतो. साखर पेल्यात पडते आणि काही मिनिटांत पोटात जाते. यीस्टला जेवायला वेळच मिळत नाही. बाटली फुटायचा प्रश्न नाही, वास उडून जायचा प्रश्न नाही, आणि प्रत्येकाला आपापल्या चवीचा पेला मिळतो. बिअर आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे विकत आणलेली असली की घरी मद्य बनवण्याच्या कायद्याचीही अडचण येत नाही.

फक्त बाटलीतलं शीतपेय ओतण्याऐवजी सिरप घरी करा. चार लिंबांचा किंवा दोन संत्री-दोन लिंबांचा कीस १०० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळायचा. मिनिटभरात साखर ओली आणि पिवळसर होते, कारण साखर सालीतलं तेल ओढून घेते. झाकून तीन-चार तास ठेवायचं. मग १०० मिलिलिटर ताजा लिंबाचा रस घालून साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, गाळायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. गॅसवर तापवायचं नाही. आठवडाभर वास उत्तम राहतो.

३३० मिलिलिटरच्या बिअरला यातलं २५ ते ३० मिलिलिटर पुरतं. बिअर हलकी, कमी हॉप्सची घ्यावी. गव्हाची मिळाली तर फारच छान. सिरप आधी पेल्याच्या तळाशी घालायचं आणि त्यावर बिअर तिरक्या पेल्यात सावकाश ओतायची. उलट केलं, म्हणजे भरलेल्या पेल्यात वरून सिरप ओतलं, तर सगळा फेस एकदम उसळून टेबलावर येतो.